चारशे बारा नंबरचा काढा

माझ्या सासऱ्यांचा खोकला आपणच बरा करायचा, असं मी एका गुरुवारी संध्याकाळी ठरवलं. एवढंच ठरवलं, दुसरं काही नाही. पण पुढे जे झालं ते आठवलं की आजही माझ्या पोटात गोळा येतो, आणि त्या दिवशी तर तो गोळा नक्की कशाने आला आहे हेच मला कळत नव्हतं.

सासरे आमच्याकडे हवापालटासाठी आले होते. महिन्याभरासाठी आले होते आणि तिसरा महिना चालू होता. ते वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर होते. चौतीस वर्षं दुकानदारांचे तराजू आणि मापं तपासून त्यांची नजर अशी झाली आहे की समोर माणूस आला की तो किती कमी भरतो हे ते आधी बघतात. माझ्या लग्नाला चौदा वर्षं झाली. पहिल्या भेटीत त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि काहीच बोलले नाहीत. तो निकाल अजून कायम आहे.

त्यांचा खोकला हा साधासुधा खोकला नव्हे. आधी एक छोटा खोकला येतो, घरात कोणी जागं आहे का याची चौकशी केल्यासारखा. मग दोन मिनिटं शांतता. सुटलो बुवा, म्हणून आपण कूस बदलावी, तोच मुख्य खोकला येतो आणि खिडकीची तावदानं थरथरतात. हे पहाटे पाचपासून सुरू. (मला सातपर्यंत झोप लागते. लागायची.)

डॉक्टरांनी औषध लिहून दिलं होतं. पण सासऱ्यांनी बाटली उजेडात धरली, तिच्यातलं औषध मेजरिंग कपाने मोजलं, लेबलावर लिहिलंय त्यापेक्षा ते दोन चमचे कमी आहे असं सिद्ध केलं आणि बाटली दुकानात परत पाठवली. "जो मापात खोटा, तो गुणात खरा कसा असेल?" असं त्यांनी मला विचारलं. मी मुकाट्याने कप धुवून ठेवला.

आता, मी नोकरी करतो सरकारी वनस्पती उद्यानात. हेडक्लार्क आहे. उद्यानाच्या मागच्या इमारतीत औषधी वनस्पतींचा मोठा संग्रह आहे. लांबलचक हॉल, लाकडी फळ्या, फळ्यांवर पत्र्याचे डबे, डब्यांवर नंबर. शिवाय एक कार्डांचं कपाट. जगभरातली माणसं कुठलं झाडपान कशासाठी वापरतात, ते या कार्डांवर लिहिलेलं आहे. विलोची साल तापावर आणि अंगदुखीवर, सिंकोनाची साल हिवतापावर, कोरफडीचा गर भाजल्यावर. एकाच झाडाची पाच मुलखांत पाच नावं आणि सहा उपयोग. इकडचे लोक जे पोट साफ व्हावं म्हणून घेतात, तेच तिकडचे लोक पोट थांबावं म्हणून घेतात, आणि दोघंही म्हणतात की आमच्या पणजोबांपासून गुण येतोय. हे सगळं जमवलं आमच्या मॅडमनी. त्या संग्रहाच्या प्रमुख. प्रत्येक मुलखाचं वेगळं कार्ड आणि एका झाडाची सगळी कार्डं एका दोऱ्यात बांधलेली, अशी त्यांची शिस्त.

माझीही एक शिस्त आहे. वीस वर्षांच्या नोकरीत मी ती अंगी बाणवली आहे. फाइल आली की पहिलं पान वाचायचं आणि शेवटच्या पानावर 'पाहिले' असं लिहून सही करायची. मधली पानं माझ्यापेक्षा मोठ्या लोकांसाठी असतात.

तर त्या गुरुवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर मी कपाट उघडलं आणि 'खोकला' शोधत गेलो. एका गठ्ठ्याचं वरचंच कार्ड माझ्या हातात आलं. त्याचा दोरा कुजला होता, ते सुटंच होतं. नमुना क्रमांक चारशे बारा. 'डोंगरातले मेंढपाळ वाळलेला पाला चिमूटभर घेऊन पेलाभर पाण्यात उकळतात. जुनाट खोकला दोन तासांत बसतो.' मला आणखी काय हवं होतं? कार्ड खिशात घातलं, चारशे बारा नंबरचा डबा काढला. वरच वाळका पिवळट पाला होता. चिमूटभर घेणार होतो. पण म्हटलं, मेंढपाळांचा खोकला तो केवढा आणि आमच्या बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, केवढा. मूठभर घेतला.

शुक्रवारी सकाळी बायको आंघोळीला गेल्यावर मी तो पाला उकळला. पाण्याला गढूळ रंग आला आणि स्वयंपाकघरात जुन्या गोणपाटाचा वास सुटला. औषधाचा वास वाईट असला की माझा विश्वास वाढतो. गाळून पेला भरला आणि बाबांपुढे ठेवला. ते टेबलाशी पेपर वाचत होते. टेबलावरच माझा डबा आणि बायकोने भरून ठेवलेला चहाचा थर्मास होता.

"बाबा, एवढा काढा घ्या."

"कसला?"

"औषधी पाला आहे. डोंगरातले मेंढपाळ घेतात."

"मी मेंढपाळ आहे का?"

"नाही, पण खोकला दोन तासांत बसतो म्हणे."

"कोण म्हणे?"

"कार्ड म्हणे. म्हणजे, सरकारी कार्ड."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग पेल्याकडे. "तुम्ही स्वतः केलात? कुणी न सांगता?"

"हो," मी नम्रपणे म्हणालो.

"हं. ठेवा तिथं."

मी बूट घालायला गेलो. एका बुटाची लेस तुटली होती, त्यात पाच मिनिटं गेली. परत आलो तेव्हा पेला बशीवर पालथा होता.

"संपलं?" मी आनंदाने विचारलं.

"पेल्यात काही दिसतंय का?" बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले.

मी डबा आणि थर्मास उचलला आणि शीळ वाजवत ऑफिसला गेलो. चौदा वर्षांत प्रथमच त्यांनी माझ्या हातचं काहीतरी घेतलं होतं.

ऑफिसात अकरा वाजता चहा प्यायलो. फार कडू होता. आदल्या दिवशी बायकोने शिवलेल्या नव्या पडद्याला मी 'चार बोटं आखूड झालाय का गं?' असं विचारलं होतं, तेव्हा चहा कडू असणं स्वाभाविक होतं. कडू चहा मुकाट्याने पिणं हे सुखी संसाराचं लक्षण आहे. मी सगळा थर्मास संपवला. मग कार्ड जागेवर ठेवायला हॉलमध्ये गेलो.

चारशे बाराच्या गठ्ठ्यात कार्ड सरकवताना सहज खालच्या कार्डावर नजर गेली. (सहज! वीस वर्षांत पहिल्यांदा मी दुसरं पान वाचलं आणि त्याची अशी शिक्षा मिळाली.)

दुसरं कार्ड बेटांवरचं होतं. 'कोळी हाच पाला ठेचून खाडीच्या पाण्यात टाकतात. तासाभरात मासे उताणे होऊन तरंगू लागतात.'

मी तिसरं कार्ड काढलं. ते जंगलातल्या शिकाऱ्यांचं. 'रस आटवून बाणाच्या टोकाला लावतात. रानडुक्कर चाळीस पावलं जातं.' चाळीस पावलं म्हणजे आमच्या दिवाणखान्यातून गॅलरीत जाऊन परत यायचं अंतर. बाबा रोज दुपारच्या जेवणानंतर तेवढंच चालतात.

चौथं कार्ड नदीकाठच्या एका वैदूबाईने सांगितलेलं होतं आणि मॅडमनी ते सुवाच्य अक्षरात, ओळीत लिहिलं होतं. 'चुकून पोटात गेल्यास: प्रथम तोंड कोरडे पडते. तळहातांना घाम येतो. छातीत धडधडते. पुढे माणूस विनाकारण गोड बोलू लागतो. शेवटी त्याला फार शांत वाटते. अशा वेळी नातेवाइकांना बोलवावे.'

माझ्या हातातून गठ्ठा पडला. मी माणूस मारला होता. तोही कुठला तर बायकोचा बाप. तोही कसा तर वाफाळत्या पेल्यातून, हसतमुखाने. आणि चिमूट सांगितली असताना मूठ घातली होती.

धावत मॅडमच्या खोलीकडे गेलो. कुलूप. माळी म्हणाला, "मॅडम बियाण्यांच्या थंड खोलीत आहेत. आत फोन लागत नाही. एक वाजता बाहेर येतील."

"त्यांना सांग, चारशे बाराबद्दल ताबडतोब माझ्या घरी फोन करा. जिवाचा प्रश्न आहे."

"कुणाच्या?"

"सासऱ्यांच्या."

माळ्याने माझ्याकडे जरा कौतुकाने पाहिलं असं मला वाटलं.

घरी फोन लावला तर तो एंगेज. चार वेळा एंगेज. बायको सगळ्या नातेवाइकांना कळवत असणार, हे उघड होतं. अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज भरायला घेतला. कारणाच्या रकान्यात 'सासरे आजारी पडण्याची दाट शक्यता' असं लिहिलं आणि निघालो.

बसमध्ये मला दरदरून घाम फुटला होता. जीभ टाळ्याला चिकटत होती. छातीत कुणी तरी दार वाजवत होतं. भीतीने माणसाचं असंच होतं. डोळ्यांसमोर एकच चित्र येत होतं: बाबा उताणे, आणि पलीकडे बायको, हातात तो पेला. ती मला काही म्हणत नाही, नुसती बघते आहे. चौदा वर्षांत ती मला बरंच म्हणाली आहे, त्याचं मला कधी भय वाटलं नाही. पण ती गप्प बसलेली मला दिसली आणि मी खरोखर घाबरलो. बाबा माझे कोणी नसतील, पण तिला आईच्या जागीही तेच होते. आई लहानपणी गेल्यावर त्यांनीच तिच्या वेण्या घातल्या होत्या. दोन्ही वेण्या अगदी समान वजनाच्या, असं ती हसून सांगते.

"काका, बसून घ्या," कंडक्टर म्हणाला. "पांढरेफटक पडलाय. बरं नाही का?"

"मला काही झालेलं नाही," मी म्हणालो. "माझ्या सासऱ्यांना झालंय."

"त्यांच्या वाटचं तुम्हालाच झालेलं दिसतंय," तो म्हणाला आणि मला खिडकीची जागा करून दिली.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. पहिल्या मजल्यावरच मी थबकलो. जिन्यात खोकला ऐकू येत नव्हता. तीन महिने जो आवाज बंद व्हावा म्हणून मी देवाला नवस बोललो होतो, तो बंद झाला होता. दोन तास होऊन गेले होते. कार्ड खरं होतं. पहिलं कार्ड खरं, म्हणजे पुढची तीनही खरी.

दार लोटलेलंच होतं. दिवाणखान्यात बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत होते. मान मागे टाकलेली, डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं. छाती हलतेय का ते पडद्याच्या सावलीत दिसेना. (पडदा खरंच आखूड होता, पण ते बोलायची ती वेळ नव्हती.) मी चोरपावलांनी न्हाणीघरात गेलो, दाढीचा छोटा आरसा आणला, गुडघ्यांवर बसलो आणि तो त्यांच्या नाकासमोर धरला.

बाबांनी एक डोळा उघडला.

"दाढी मी सकाळीच केली आहे," ते म्हणाले.

मला इतकं हायसं वाटलं की रडूच आलं. पण पुढच्याच क्षणी ते सावरून बसले, माझ्याकडे निरखून पाहिलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "या, जावईबापू. बसा. दमलात? पाणी देऊ का थंडगार?"

चौदा वर्षांत त्यांनी मला 'अहो साहेब' सोडून दुसरी हाक मारलेली नव्हती आणि पाणी तर कधीच विचारलं नव्हतं. 'पुढे माणूस विनाकारण गोड बोलू लागतो.'

"बाबा," मी म्हणालो, "तुम्हाला कसं वाटतंय?"

"मला काय धाड भरलीय? तुम्हाला कसं वाटतंय?"

"माझं सोडा. तुमचं तोंड कोरडं पडलंय का?"

"नाही. तुमचं?"

"माझं पडलंय, पण ते..."

"अरेरे," बाबा म्हणाले. "आणि घाम?"

"घाम तुम्हाला येतोय का, बाबा?"

"तुम्हाला येतोय, जावईबापू. नुसते निथळताय. या, या खुर्चीत बसा. मी उठतो."

"उठू नका! चालू नका!" मी ओरडलो. मला रानडुक्कर आठवलं. "एक पाऊलसुद्धा टाकू नका. मी तुमचे पाय चेपतो. पाय चेपू का? उशी देऊ?"

"तुम्ही असे गोड का बोलताय?" बाबांनी विचारलं. त्यांचा आवाज आता थोडा कापत होता.

"मी? तुम्हीच गोड बोलताय!"

आरडाओरडा ऐकून बायको स्वयंपाकघरातून आली. हातात लाटणं वगैरे काही नव्हतं, फोनचा रिसीव्हर होता. "अहो, लवकर कसे आलात? आणि बाबांपुढे गुडघे टेकून काय बसलात?"

मग माझा धीर सुटला. "अगं, मी बाबांना विष दिलं! सकाळी काढा दिला, तो विषारी होता. मासे मरतात त्याने. डुकरं मरतात. मला ठाऊक नव्हतं गं, आईशपथ मला ठाऊक नव्हतं! मी पहिलंच कार्ड वाचलं!"

बायको जागच्या जागी खिळली. मी बसमध्ये पाहिला होता तोच तिचा चेहरा. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली आणि मला वाटलं, मासा झालो असतो तर बरं झालं असतं.

"बाबा," ती कशीबशी म्हणाली, "तुम्ही तो काढा प्यायलात?"

"नाही," बाबा म्हणाले.

"नाही?" मी किंचाळलो. "पण पेला रिकामा होता! तुम्ही म्हणालात की..."

"मी म्हणालो, पेल्यात काही दिसतंय का. नव्हतंच दिसत. मी खोटं बोलत नाही." बाबांनी घसा साफ केला. "चौतीस वर्षं नोकरी केली. दुकानात गेलो की प्रत्येक जण म्हणायचा, साहेब, घोटभर घ्या. कधी घेतलं नाही. न मागता जो पेला पुढे करतो त्याच्या मनात काहीतरी असतं. तेव्हा तुमचाही घेतला नाही. खोकला हिनं दिलेल्या मीठपाण्याच्या गुळण्यांनी थांबला."

"मग काढा कुठे गेला?" बायकोने विचारलं.

बाबा जमिनीकडे पाहू लागले. चौदा वर्षांत मी त्यांना जमिनीकडे पाहताना प्रथमच पाहत होतो.

"टाकून देणं जिवावर आलं," ते म्हणाले. "पूर्ण मापाचा पेला होता. यांचा थर्मास तिथंच होता, थोडा चहा त्याच्या झाकणात काढून पिऊन टाकला आणि काढा थर्मासात ओतला. म्हटलं, स्वतः केलाय तर स्वतः पिऊन बघावा. मगापासून त्याचीच टोचणी लागली होती मला."

मग माझ्या लक्षात आलं की माझी जीभ टाळ्याला चिकटली आहे. तळहात ओले आहेत. छातीत धडधडतंय. आणि आत्ताच, दोन मिनिटांपूर्वी, मी सासऱ्यांशी गोड बोललो होतो.

"किती प्यायलात?" बायकोने माझा दंड धरला.

"सगळा."

"कडू लागला नाही?"

"लागला."

"मग तरी प्यायलात?"

"मला वाटलं तू पडद्यावरून चिडली आहेस."

"अहो, मी चिडले तर चहा कडू करते का? मी चहाच देत नाही!" असं म्हणून ती रडायला लागली आणि रडता रडताच तिने रिसीव्हरमधल्या धाकट्या बहिणीला फोन ठेवायला सांगून डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी झाडाचं नाव विचारलं. मला विचारून ती म्हणाली, चारशे बारा. ते म्हणाले, असं कुठलं झाड नसतं, पण ताबडतोब हॉस्पिटलमध्ये आणा. टॅक्सी यायला दहा मिनिटं लागणार होती.

मला दिवाणावर आडवं केलं. बायकोने उशाशी बसून माझं डोकं मांडीवर घेतलं. बाबांनी माझा हात हातात घेतला, नाडी मोजली आणि "जास्त आहे" म्हणाले. आयुष्यात प्रथमच त्यांना माझ्यात काहीतरी जास्त सापडलं होतं.

आणि मग, छताकडे बघता बघता, मला शांत वाटू लागलं.

ती भीती मी शब्दांत सांगू शकत नाही. आधी वाटलेली सगळी भीती त्यापुढे पोरखेळ होती. धडधड होती तोवर आशा होती. आता हातपाय सैल पडत होते, बायकोचा हात कपाळावर थंड लागत होता, सगळ्या जगाबद्दल प्रेम वाटत होतं. चौथ्या कार्डावरची शेवटची ओळ. त्यानंतर कार्डावर काही नव्हतं.

"मला काही सांगायचंय," मी म्हणालो.

"बोलू नका. दम लागेल."

"नाही, बोलू दे. ओझं घेऊन जायचं नाही मला. बाबा, तो काढा तुमच्यासाठी नव्हता. माझ्या झोपेसाठी होता. मला तुमच्या खोकल्याचा वैताग आला होता."

"माहीत होतं मला," बाबा हळुवारपणे म्हणाले. "जाऊ दे."

"आणि अगं, तुझ्या बहिणीच्या लग्नाच्या वेळी ऑफिसचं ऑडिट नव्हतं. मी दोन दिवस घरी झोपलो होतो."

"झोपला असाल हो. दमता तुम्ही," ती डोळे पुसत म्हणाली.

"आणि तू विणलेला निळा स्वेटर बसमध्ये राहिला नाही. तो टोचायचा. मी माळ्याला दिला."

तिने हुंदका दिला. माझा बांध फुटला होता. कबूल करण्यातही एक गोडी असते हे मला तेव्हा कळलं, आणि मी सगळ्यात खोल पुरलेल्या गोष्टीला हात घातला. तीही अक्षरशः पुरलेली.

"बाबा, मागच्या वर्षी तुम्ही इथे आला होतात तेव्हा तुमचा सोनेरी काड्यांचा चष्मा गेला, तो शेजारच्या वकिलांनी नेला नव्हता. तुम्ही वर्षभर त्यांच्याशी बोलत नाही, पण त्यांचा काही दोष नाही. तुम्ही तो खुर्चीत ठेवला होता. मी त्यावर बसलो. घाबरून गॅलरीतल्या कुंडीत पुरला."

बाबांचा हात माझ्या हातात जरा ताठ झाला. पण फक्त क्षणभर. मग त्यांचे डोळे भरून आले. "मरताना खरं बोलणारा माणूस विरळा," ते बायकोला म्हणाले. "पोरी, मी याला कमी लेखलं. हा पुरा भरला." आणि त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला. मी डोळे मिटले. इतकं सुंदर मरण मला येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

फोन वाजला. मॅडमचा होता. बायकोने स्पीकर चालू केला.

"काय झालं चारशे बाराचं?" मॅडमचा खडा आवाज आला.

"मॅडम," मी क्षीण आवाजात म्हणालो, "मी डब्यातला पाला उकळून प्यायलो. माझ्या जागी कुणाला घ्याल त्याला पेन्शनचे कागद..."

"डब्यातला पाला? त्या डब्यात पाला कुठे आहे?"

"वरच होता. पिवळट. मूठभर घेतला."

"अहो, ते गवत आहे! पॅकिंगचं वाळकं गवत. आतली काचेची बाटली फुटू नये म्हणून भरलेलं. इतका जहाल नमुना मी उघड्या फळीवर ठेवीन असं वाटलं तुम्हाला? बाटली वर्षापूर्वीच विषाच्या कपाटात कुलपात गेली. तशी फाइलवर नोंद आहे आणि नोंदीखाली तुमची सही आहे. 'पाहिले' म्हणून."

"पण मग ती लक्षणं? कोरडं तोंड? घाम?"

"तुम्ही कार्ड वाचलंत म्हणून. गवताने काही होत नाही. बैल रोज खातात." फोन बंद झाला.

माझ्या अंगात एकदम ताकद आली. तोंडाला पाणी सुटलं, घाम आटला, नाडी जागेवर आली. मी टुणटुणीत बरा झालो होतो आणि ते कसं लपवावं हे मला कळेना. मी डोळे मिटलेलेच ठेवले. पण बायकोने मांडी काढून घेतली आणि माझं डोकं दिवाणाच्या लाकडावर आपटलं.

"निळा स्वेटर," ती म्हणाली. "तीन महिने विणत होते मी."

खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. "मी... टॅक्सीवाल्याला सांगून येतो," असं म्हणून मी उठू लागलो, तर बाबांनी माझा हात सोडला नव्हता. सोडला नव्हता म्हणजे आता धरला होता.

"कुठली कुंडी?" त्यांनी विचारलं.

आमच्या गॅलरीत अकरा कुंड्या आहेत. वर्षापूर्वी मी घाबरलेला होतो आणि कुंड्या एकसारख्याच दिसतात. संध्याकाळपर्यंत मी गॅलरीत उकिडवा बसून एकेक कुंडी उपसत होतो. आत बायको तिच्या बहिणीला फोनवर ऑडिटची हकीकत सांगत होती. बाबा खुर्ची टाकून देखरेखीला बसले होते आणि त्यांचा खोकला परत सुरू झाला होता. एवढ्यात शेजारच्या गॅलरीत वकीलसाहेब आले. मातीचे ढीग, उपटलेली रोपं आणि कोपरापर्यंत चिखलात बुडालेला मी, हे सगळं पाहून त्यांना राहवलं नाही.

"काय शोधताहेत हो तुमचे जावई?" त्यांनी विचारलं.

वर्षभरानंतर बाबा त्यांच्याशी पहिल्यांदा बोलले.

"अक्कल," ते म्हणाले. "सात कुंड्या झाल्या. अजून लागलेली नाही."